पेंढ्यातले मावळे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याच्या आसपास, पणत्या आणि बोळक्यांच्या शेजारी, ताडपत्रीवर मावळे मांडलेले दिसतात. वीतभरही उंची नाही. कुणाच्या हातात ढाल-तलवार, कुणाच्या हातात भाला, कुणी तुतारी फुंकतो आहे. मधोमध सिंहासनावर महाराज. बाजूला डोक्यावर माठ घेतलेली गवळण, एक शेतकरी, दोन तोफा आणि एक वाघ. या वाघाचा आणि स्वराज्याचा काय संबंध, हे मला लहानपणी कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी जंगल असते आणि जंगलात वाघ असतो, एवढे कारण मुलांना पुरते.

आज मला या मावळ्यांच्या पराक्रमाविषयी बोलायचे नाही. त्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते त्यांच्या प्रवासाविषयी आणि मुक्कामाविषयी. मातीची, रंगवलेली, बोटाएवढी माणसे एका गावाहून दुसऱ्या गावी नेतात कशी, आणि दिवाळी संपल्यावर वर्षभर ठेवतात कुठे? प्रश्न पोरकट वाटेल. पण मागे वळून पाहिले तर या प्रश्नापाशी बादशहाही येऊन थांबलेला दिसतो, संस्थानिकही आणि मोठमोठ्या संग्रहालयांचे अभिरक्षकही. काहींना उत्तर सापडले, काहींना नाही.

मला हा प्रश्न पडला तो आमच्या मामूंमुळे. माझे मामू मण्यार. शहागंजात त्यांचे बांगड्यांचे छोटे दुकान होते. माल यायचा फिरोजाबादहून. आपल्याकडे १९०० साली आलेली रेल्वे मीटरगेज होती आणि ती ब्रॉडगेज झाली थेट १९९० च्या दशकात. तोवर उत्तरेकडून येणारा माल मनमाडला एका गाडीतून उतरायचा आणि दुसऱ्या गाडीत चढायचा. म्हणजे बांगड्यांची पेटी आग्र्याच्या बाजूने निघाली की तिला हमालांचे किती हात लागत असतील, याचा हिशेब करा. पेटी दुकानात उघडायची त्या दिवशी आम्ही पोरे भोवती जमायचो. वर भाताचा पेंढा, खाली पेंढा, बाजूंना पेंढा आणि मध्ये कागदात गुंडाळलेले बांगड्यांचे तोडे. मामू एकेक तोडा कानाशी नेऊन हलवायचे. आवाजावरून त्यांना कळायचे की आतली एखादी गेली आहे का. बहुधा गेलेली नसायची.

मी एकदा विचारले, ‘मामू, एवढ्या लांबून येतात, तरी फुटत कशा नाहीत?’

मामू म्हणाले, ‘रस्ता नै तोडता रे, घर तोडता.’

रस्ता फोडत नाही, घर फोडते. त्यांचा हिशेब साधा होता. वाटेत माल फुटेल ही भीती असते, म्हणून बांधणारा नीट बांधतो. दुकानात आल्यावर भीती जाते. मग फळीवर दाटीवाटीने रचताना, गिऱ्हाईकासमोर घाईने ओढून काढताना, उंदराच्या मागे धावताना बांगडी फुटते. त्यांचे बोलणे मी तेव्हा हसण्यावारी नेले. पुढे वाचायला लागलो, संग्रहालये पाहिली, तेव्हा मामूंचे ते वाक्य मला जागोजागी भेटत गेले.

त्या पेंढ्याला आमच्या गल्लीत फार मान होता. आपल्या मराठवाड्यात कडबा उदंड, पण भाताचा पेंढा कुठला? कडब्याची ताटे कडक, त्यांनी रंग खरवडला जातो. पेंढा मऊ असतो, दबतो आणि पुन्हा फुलतो. शेजारच्या वाड्यातल्या काकू दिवाळी झाली की दारात येऊन विचारायच्या, ‘भाई, पेंढा आला का?’ त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्याच वयाच्या सवंगड्याचा, किल्ल्यावरचा सगळा फौजफाटा त्या पेंढ्यात निजायचा. पेटीही फिरोजाबादचीच, मामूंनी दिलेली. आणि वाड्याचे छत पावसाळ्यात गळायचे म्हणून ती पेटी राहायची आमच्या माळ्यावर. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका गल्लीतल्या मण्याराच्या घरात शिवाजी महाराजांचे सैन्य वर्षातले साडेअकरा महिने मुक्कामाला असायचे. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

आता थोडे मावळा घडवणाऱ्याकडे जाऊ. साच्यातून काढलेला मावळा हातात घेऊन नीट पाहा. त्याची तलवार हवेत नसते, खांद्याला नाहीतर ढालीला चिकटलेली असते. घोड्याच्या चार पायांमध्ये माती तशीच भरलेली असते आणि तिला हिरवा रंग देऊन गवत केलेले असते. महाराज बसलेले असतात, सिंहासन त्यांना पाठीमागून धरून ठेवते. गवळणीचा हात माठाला टेकलेला असतो. हे सगळे सौंदर्यासाठी नाही. पुढचा प्रवास कुंभाराने साचा करतानाच ध्यानात घेतलेला असतो. जे अंगाबाहेर येते ते मोडते, म्हणून तो शक्यतो काही बाहेर येऊच देत नाही. तुतारीला मात्र त्याचा इलाज चालत नाही. म्हणून कुठल्याही घरी विचारा, पहिल्या वर्षी तुतारी जाते. भाल्याला मातीऐवजी तार घालतात. तार मोडत नाही, पण दोन पावसाळ्यांत गंजते, फुगते आणि मावळ्याची मूठच फोडून बाहेर येते. मोडू नये म्हणून घातलेल्या तारेनेच मावळा मोडतो.

गणपतीच्या मूर्तींचा व्यवहार याहून मोठा, पण युक्त्या त्याच घराण्यातल्या. पेण आणि शेजारच्या हमरापूरच्या परिसरातून मूर्ती सगळ्या महाराष्ट्रात जातात. तिथे भाताची शेती, पेंढा हाताशी. पण त्याहून मोठी युक्ती अशी की पुष्कळ मूर्ती कच्च्या, म्हणजे न रंगवताच, गाडीत चढतात. दुसऱ्या गावचा कारखानदार त्या आपल्या गावी नेऊन रंगवतो. वाटेत सोंडेला टवका गेला तर तो भरून घेता येतो, वरून रंग चढतो, कुणाला कळतही नाही. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी. घासण्याची भीती ज्याला सर्वांत जास्त, तो रंगच प्रवासाला न्यायचा नाही, हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. छोट्या मावळ्याला ही चैन परवडत नाही. तो रंगून, डोळे उघडूनच टोपलीत बसतो.

माती फुटली की निदान कळते. रंगाचे तसे नाही. तो गुपचूप झिजतो. दोन रंगवलेल्या वस्तू एकमेकींना टेकल्या आणि गाडी हलत राहिली, की उतरताना एकीच्या अंगावर दुसरीचा रंग असतो. यावरचा जो उपाय मला सर्वांत देखणा वाटला, तो मातीच्या बाहुल्यांचा नाही, गंजिफांचा आहे.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते. शब्द फारसी, खेळ इराणकडून आलेला. बाबराने आपल्या आठवणीत १५२७ सालची एक नोंद करून ठेवली आहे. सिंधमधल्या शाह हसन अर्घूनला या खेळाची आवड होती, त्याने पत्ते मागितले होते, म्हणून बाबराने ते एका माणसाबरोबर ठठ्ठ्याला पाठवले. मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा खेळापेक्षा त्या पत्ते नेणाऱ्या माणसाचाच विचार मनात आला. आग्र्याकडून सिंधपर्यंतची वाट, उन्हाळ्याचे दिवस, आणि सामानात रंगीत चित्रांची एक थप्पी. बाबराने एवढेच लिहिले की पाठवले. कसे बांधले, हे लिहिणे त्याला गरजेचे वाटले नाही. बांधणाऱ्यांविषयी इतिहासात असेच असते.

मोगलांच्या खेळात आठ रंगांचे शहाण्णव पत्ते. दक्षिणेत आल्यावर त्याचे दशावतार झाले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण एकशे वीस. दर रंगात एक राजा, एक प्रधान. नखाएवढ्या जागेत वराह, नखाएवढ्या जागेत परशुराम. फारसी नावाच्या खेळात विष्णूचे अवतार कधी येऊन बसले, हे कुणी भांडून ठरवले नसणार. सावंतवाडीला चितारी मंडळींनी हा खेळ जिवंत ठेवला. तो बंद पडायच्या बेतात आला तेव्हा तिथले राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी तो पुन्हा उभा केला. पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कारागिराकडून सत्वशीलादेवी स्वतः ही कला शिकल्या आणि राजवाड्याच्या दरबारात कारागीर रंगकाम करू लागले.

आता जपणुकीच्या नजरेने हा पत्ता पाहा. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वर खडूचा लेप, घोटून गुळगुळीत करायचे, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात. लाखेमुळे रंगाला रंग चिकटत नाही आणि घामट बोटांचा त्रास होत नाही. पत्ता गोल, म्हणून कोपरा नाही. आणि कोपरा नाही म्हणजे मोडायला सुरुवात करायला जागाच नाही. वर त्याला लाकडी पेटी, तीही रंगवलेली, सरकत्या झाकणाची. पत्ते आत असे बसतात की पेटी हलवली तरी ते हलत नाहीत. जे हलत नाही ते घासत नाही. फिरोजाबादचा बांधणारा पेंढ्याने जे करतो, तेच सावंतवाडीचा चितारी मापाने करतो. मला तर ती पेटी आतल्या पत्त्यांइतकीच कलेची वस्तू वाटते. फरक इतकाच की पत्त्यांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात.

सावंतवाडी लांब आहे, पण पैठण तर आपल्या दाराशी. शहागंजातून निघालो की पन्नास-एक किलोमीटर. पैठणी आणि नाथमहाराजांच्या या गावाचे नाव एका चित्रशैलीलाही मिळाले आहे. ही चित्रकथींची चित्रे. हातात चित्र धरून, गात गात रामायण-महाभारतातली कथा सांगणारा चित्रकथी गावोगाव हिंडायचा. ठसठशीत रेषा, मोठे डोळे, एका बाजूला वळलेले चेहरे, लाल-पिवळ्या रंगांत लढणारे वीर. चित्रे कागदावर काढलेली, आणि दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. म्हणजे एका पानावर पुढेही चित्र, मागेही चित्र. एका आख्यानाच्या सगळ्या पानांची मिळून एक पोथी.

पाठीला पाठ लावण्याने कथेची सोय होते, पान फिरवले की पुढचा प्रसंग. पण माझ्या मते त्यात दुसरीही सोय आहे. दोन कागद चिकटले की पान ताठ होते, दुमडत नाही, कथेकऱ्याला एका हाताने उभे धरता येते. पोथी कापडात बांधून खांद्याला लावायची की माणूस चालायला मोकळा. ऊन, धूळ, पाऊस, देवळाच्या ओवरीत मुक्काम, समईचा धूर, इतके सोसूनही यातल्या पोथ्या आजच्या काळापर्यंत आल्या. याचे एक कारण ती रोजीरोटी होती. ज्याच्या पानावर संध्याकाळची भाकरी अवलंबून आहे, तो ते पान जपतो. आणि दुसरे कारण, पोथी सारखी उघडली जात होती. वाळवी, कसर, झुरळ यांना अंधार आणि निवांतपणा लागतो. आठ-पंधरा दिवसांनी ज्याला हवा लागते आणि ज्याच्यावर कुणाची तरी नजर फिरते, त्याला कसर लागणे अवघड. कथा ऐकणारी माणसे कमी झाली, पोथ्या फडताळात गेल्या, आणि मग त्यांचे हाल सुरू झाले.

त्या हालातून पुष्कळ पाने वाचवली ती एका कवीने, याचा मला कवी म्हणून जरा अभिमान आहे. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचे. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, बाहुल्या, वाद्ये, दरवाजे गोळा केले. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने पुण्यात संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र शासनाला देऊन टाकले. तिथल्या संग्रहात पैठण शैलीची चित्रेही आहेत. कवितेची वही मागे पडली आणि माणूस लोकांच्या अडगळीत रमला. तोट्याचा सौदा म्हणायचा का तो? मी तरी म्हणणार नाही.

इथवर मी रस्त्याच्या बाजूने बोललो. आता घराच्या बाजूने.

मुंबईत राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या माडीवर काचेच्या कपाटांत मातीची रंगवलेली छोटी माणसे उभी आहेत. मुंबई इलाख्यातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची, त्यांच्या पगड्या, पागोटी, नेसणी, धंदे यांसकट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जे. जे. कलाशाळेचे सेसिल बर्न्स यांच्याकडे संग्रहालयाची देखरेख असताना, असे नमुने करवून घेण्याला जोर आला. साहेबाला आपली प्रजा कपाटात मांडून पाहायची हौस होती, हे खरेच. पण ती घडवणारी बोटे इथलीच होती. एखाद्या बाहुलीच्या पागोट्याचा पीळ पाहिला की कारागिराला ते रोज डोळ्यांसमोर दिसत असणार, हे लगेच कळते.

या संग्रहालयाचा जन्म मात्र फार वाईट रीतीने झाला. १८५५ साली पॅरिसमध्ये मोठे प्रदर्शन भरले. त्यासाठी मुंबई इलाख्यातून खनिजे, धान्ये, कापड, हस्तकलेच्या वस्तू गोळा झाल्या. त्यांचे जोडनमुने ठेवून मुंबईत सरकारी संग्रहालय सुरू झाले, ते कोटातल्या बराकीत. दोन वर्षे झाली नाहीत तोच १८५७ उजाडले. उत्तरेत उठाव झाला, मुंबईत गोऱ्या फौजेला जागा हवी झाली, आणि संग्रहालयाला बराक रिकामी करण्याचा हुकूम आला. घाईघाईने सगळे टाऊन हॉलमध्ये हलवले गेले आणि त्या हलवाहलवीत बऱ्याच वस्तूंचा चुराडा झाला. अंतर किती? कोटातल्या कोटात. चालत गेले तर घाम येऊ नये एवढे. पॅरिसला गेलेला माल समुद्र ओलांडून गेला, आणि घरी ठेवलेला माल दोन गल्ल्यांच्या प्रवासात मोडला. मामूंना हे ऐकवायला हवे होते.

पुढे डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट या मंडळींनी खटपट केली, १८६२ साली नव्या इमारतीचा पाया घातला गेला आणि १८७२ साली ती लोकांसाठी उघडली. शंभर वर्षांनी तिचीही दुर्दशा झाली होती. २००३ पासून डागडुजीचे मोठे काम झाले आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले, तेव्हा त्या बाहुल्यांचेही भाग्य उजळले.

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. यातली चित्रे छोटी नव्हती, पण रंगवलेल्या माणसांच्या प्रवासाचीच ती कथा आहे. रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायच्या कामावर नेमला गेला. अजिंठा गावातल्या बारादरीत तो राहिला. पारोची आणि त्याची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, ती मी इथे सांगत बसत नाही. वर्षानुवर्षे अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून त्याने तेलरंगात मोठमोठे पट रंगवले. तेव्हा इथे रेल्वे नव्हती. घाट, नाले, बैलगाडी, मग जहाज, आणि त्यातून ती चित्रे लंडनला सुखरूप पोहोचली. तिथे ती क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली गेली. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि त्यांतली जवळजवळ सगळी जळाली. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात बसले. हिवाळ्यामागून हिवाळे गेले. त्यांच्या प्रतिकृतीही लंडनला नीट पोहोचल्या, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात ठेवल्या गेल्या, आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागली. शंभराहून अधिक चित्रे नष्ट झाली. दोन्ही वेळा बैलगाडीने दगा दिला नाही, जहाजाने दिला नाही. जिथे पोहोचल्यावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, तिथेच घात झाला.

मराठीत आपण ‘जपणे’ म्हणतो. उर्दूत हिफाजत म्हणतात, त्यात पहारेकऱ्याचा वास येतो. जपण्यात तसे नाही. जपणारा दारात काठी घेऊन उभा नसतो, तो अधूनमधून येऊन बघून जातो.

संग्रहालयात आता हे शास्त्र झाले आहे. तिथली माणसे जे करतात ते पुष्कळसे घरीही करता येते. मातीची बाहुली कधीही हाताने, डोक्याने किंवा भाल्याने उचलायची नाही. खाली तळवा घालून, दुसऱ्या हाताने पाठ धरून उचलायची. एका खणात एकच. दोघींनी एकमेकींना टेकायचे नाही. वर्तमानपत्रात गुंडाळायचे नाही, कारण त्याची शाई उतरते आणि तो कागद काही वर्षांत पिवळा पडून आम्ल सोडतो. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नाही. तैलरंग उन्हाळ्यात मऊ होतो आणि प्लास्टिकला चिकटतो, मग पिशवी सोलताना मावळ्याचा चेहराच तिच्याबरोबर येतो. रबरबँडचीही तीच कथा. त्यापेक्षा जुने, मऊ सुती कापड बरे. कोरा मांजरपाट असेल तर आधी धुऊन त्याची खळ काढायची, नाहीतर खळीवर कसर येते.

आणि जागा. आपण नको ते सगळे माळ्यावर टाकतो. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेर चाळीसच्या पुढे पारा जातो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल? रंग तडकतो. पावसाळ्यात तिथेच ओल येते. प्लास्टर ऑफ पॅरिस ओल पिते आणि रंगाखाली पांढरे फोड येतात. पेंढाही प्रवासापुरता चांगला. वर्षानुवर्षे ठेवायला नाही. तो ओल धरतो, त्यात किडे होतात, उंदीर त्यात घर करतात. मधल्या खोलीतली भिंतीपासून जरा दूर, जमिनीपासून वीतभर वर असलेली फळी हीच चांगली जागा. पावसाळ्यानंतर एकदा सगळे काढून, सावलीत हवा देऊन, मऊ कुंचल्याने झटकून पुन्हा ठेवायचे. पाणी लावायचे नाही. सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवा, पण तो रंगाला लागू देऊ नका. हे सारे मला पुढे कळले, आणि ज्या पेटीसाठी कळायला हवे होते तिच्यासाठी उशिराच कळले.

शेजारचे काका-काकू १९८६ साली सिडकोत राहायला गेले. वाडा पडायला आला होता. सामान टेम्पोत भरले, गल्लीने निरोप दिला, पेटी मात्र आमच्या माळ्यावर राहिली. मित्र तेव्हा कॉलेजात जायच्या वयाचा, त्याला मावळ्यांची आठवण राहिली नसावी. आम्हालाही नव्हती. मधल्या काळात या शहराने बरे-वाईट पुष्कळ दिवस पाहिले. १९८८ सालची दंगल झाली, संचारबंदी लागली, गल्लीतली काही घरे बदलली. मामू गेले, दुकान बंद झाले. आता बांगड्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात, पेंढा दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी घराचे पत्रे काढून स्लॅब घालायचे ठरले. माळा रिकामा करताना पेटी खाली आली. मी मित्राला फोन केला. तो नातवाला घेऊन आला. चहा झाला आणि आम्ही दोघांनी ओसरीत बसून झाकण उघडले.

पेंढा काळा पडला होता आणि त्याचा भुगा झाला होता. एका कोपऱ्यात कधीतरी उंदराने संसार केला असावा. भालेवाल्यांच्या मुठी फुटल्या होत्या, तार गंजून गेली होती. दोन मावळे एका पिशवीत होते, ते वेगळे करताना एकाचा चेहरा गेला. घोडेस्वार मात्र धड होते, घोड्यांच्या पोटाखाली हिरवे गवत होते ना. गवळणही होती. महाराजांच्या सिंहासनाचा एक सिंह गेला होता. त्यांना स्वतःला काही झाले नव्हते. काकूंनी त्यांना पेंढ्याखेरीज जुन्या साडीच्या मऊ तुकड्यातही गुंडाळले होते.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद डकवलेला होता. काकूंचे अक्षर, शाई तपकिरी झालेली. महाराज १, मावळे १४, घोडेस्वार ३, तोफा २, गवळण १, शेतकरी १, वाघ १. संग्रहालयात नोंदवही असते तशीच ही. शाळा सातवी झालेल्या बाईने केलेली.

नातू यादी वाचत गेला, आम्ही ओळीने मांडत गेलो. सगळे भरले. फक्त वाघ दोन निघाले.

मित्र म्हणाला, ‘आईची चूक होणार नाही.’ त्याचे बरोबर होते. दुसरा वाघ माझा. किल्ला करायला आमच्याकडे अंगण नव्हते, पण मनोऱ्याखालच्या ताडपत्रीवरचा तो वाघ मला हवा होता. मामूंनी दिलेल्या पैशांतून मी तो घेतला, आणि घरी ठेवला तर धाकटी भावंडे फोडतील म्हणून गुपचूप त्यांच्या पेटीत, पेंढ्याच्या खाली ठेवून दिला. मग विसरलो.

नातवाने दोन्ही वाघ हातात घेतले, आणि कुठला कुणाचा ते विचारले. ते आता आम्हा दोघांनाही सांगता येईना. दोघांचाही उजवा कान गेलेला होता. शेवटी त्याने एक आपल्या पिशवीत, माझ्या कापसाच्या गादीतून काढून दिलेल्या मूठभर कापसात ठेवला, आणि दुसरा माझ्या टेबलावर. तो तिथेच आहे, कागद उडू नयेत म्हणून कवितेच्या वहीवर.